कारवानी कुत्रे : पाळणे, शिकवणे आणि प्रदर्शनात नेणे



गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्या संगोपनाविषयी आपण पुष्कळ वाचतो आणि ऐकतो. कुत्रा मात्र आपल्याकडे 'आपोआप वाढणारे जनावर' समजला जातो. उरलेली भाकरी टाकावी, रात्री त्याने भुंकावे, एवढाच त्याचा आणि आपला करार. साध्या गावठी कुत्र्याचे यात कसेबसे निभते. पण ज्याच्या अंगात धावण्याची आणि पाठलागाची ओढ पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे, असे जातिवंत कुत्रे घरी आणले, तर हा करार पुरत नाही. त्याला शिकवावे लागते. न शिकवल्यास ते स्वतःच स्वतःला शिकवते, आणि ते शिक्षण शेजाऱ्यांना फार महाग पडते.

आमच्या सीमाभागात अशी एक जात आहे. मराठीत आपण तिला कारवानी म्हणतो, कर्नाटकात ती मुधोळ नावाने ओळखली जाते. घटप्रभेच्या काठचे मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कुत्र्यांची निगुतीने पैदास करवली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. तेव्हापासून या जातीला गावाचे नाव चिकटले. व्यापारी तांड्यांबरोबर फिरणारे म्हणून कारवानी, अशी दुसऱ्या नावाची उपपत्ती सांगतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हे एक होते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. २०१६ साली भारतीय सैन्याच्या मेरठ येथील केंद्राने याची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेली. पूर्वी मुधोळ विजापूर जिल्ह्यात होते, १९९७ पासून ते बागलकोट जिल्ह्यात आहे.

हे कुत्रे ओळखायला सोपे. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, काटक लांब पाय, बारीक शेपूट. खांद्यापाशी उंची साधारण सव्वादोन ते अडीच फूट. अंगावर मांस थोडे, म्हणून नवखा माणूस हमखास विचारतो, "याला खायला घालत नाही काय?" तंदुरुस्त कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे किंचित दिसतातच. त्या दिसू नयेत म्हणून कुत्र्याला तूप-रोटी चारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची कुत्री तिसऱ्या वर्षी लंगडू लागतात.

वासावर चालणारी कुत्री वेगळी आणि नजरेवर चालणारी वेगळी. कारवानी नजरेचे कुत्रे आहे. दूरच्या बांधावर काही हलले की याचे डोके वर, कान मागे, आणि पुढच्या क्षणी ते गेलेले असते. भरधाव धावताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग गोळा झालेले असताना आणि एकदा अंग पूर्ण ताणलेले असताना. त्या वेळी हाका मारून उपयोग नसतो. या जातीचे सारे शिक्षण म्हणजे त्या एका क्षणाच्या आधीचे शिक्षण, असे म्हटले तरी चालेल.

पिल्लू घरी येते तेव्हा

१९८५ सालच्या सुगीत तात्यांनी (आमच्या वडिलांना आम्ही तात्या म्हणतो) जमखंडीच्या बाजूच्या एका पाहुण्याकडून एक पिल्लू आणले. मादी, फिकट तांबूस, छातीवर पांढरा ठिपका. आजीने नाव ठेवले बिजली. पिल्लू तेव्हा दोन महिन्यांचे होते आणि ते योग्यच होते. त्याच्या आधी पिल्लाला आईपासून तोडू नये. आज तर आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास कायद्यानेच मनाई आहे. आई आणि भावंडे त्याला चावण्याची मर्यादा शिकवतात. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो. हे शिक्षण माणसाला देता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, हुंगते, ऐकते, ते त्याच्या दृष्टीने 'आपल्यातले' होते. म्हणून याच काळात त्याला कोंबड्या, वासरे, मेंढरे, लहान मुले, सायकल, ट्रॅक्टरचा आवाज, छत्री उघडणारा माणूस, हे सारे दाखवावे. कडेवर घेऊन दाखवावे. लसीचा क्रम पुरा होईपर्यंत गावातल्या उकिरड्यावर आणि अनोळखी कुत्र्यांत मात्र सोडू नये. बिजलीला आजी कोंबड्यांना दाणे टाकताना मांडीवर घेऊन बसे. त्यामुळे आमच्या घरच्या कोंबड्यांना तिने जन्मात दात लावला नाही. शेजारच्या कोंबड्यांविषयी मात्र तिचे मत निराळे होते.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. जोंधळ्याची भाकरी ताकात कुस्करून, त्यात शिजवलेली डाळ, अंडे किंवा मांस. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रे जगते, पण भरत नाही, आणि पुष्कळांना दुधाने हगवण लागते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. सणावारी मटणाच्या रश्श्यातला कांदा त्याच्या पानात सढळ हाताने पडतो, तो टाळावा. शिजवलेली कोंबडीची हाडे फुटून त्यांच्या सळ्या होतात व आतडे फाटते. आणखी एक गोष्ट या जातीत विशेष सांभाळायची. छाती खोल असल्यामुळे भरल्या पोटी धावल्यास पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि पीळ पडला की काही तासांत जनावर जाते. खाण्याच्या आधी व नंतर निदान तासभर पळापळ नको.

एक शब्द, एक अर्थ

आमच्या घरी बिजलीला बोलावण्याच्या पाच पद्धती होत्या. तात्या चुटकी वाजवत, आई "ये गं" म्हणे, थोरला भाऊ शीळ घाली, आजी "यू यू" करी आणि मी नुसते नाव घेई. पिल्लू कोणाचेच ऐकत नसे, आणि का ऐकावे? ही गाठ सोडवली आमच्या गल्लीतल्या हवालदारमामांनी. ते बेळगावच्या मराठा पलटणीतून निवृत्त होऊन शेती करीत होते. कुत्र्यांच्या तुकडीत ते कधी नव्हते, पण शिस्तीत शिकवणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना ओट्यावर बसवले आणि आधी कुत्र्याऐवजी आम्हालाच चार शब्द शिकवले : बस, थांब, सोड, माघारी. घरात कोणीही बोलो, शब्द हेच, आणि एका शब्दाचा अर्थ एकच.

यांत 'माघारी' हा सर्वांत मोलाचा. 'ये' हा शब्द आपण दिवसभर सगळ्यांना म्हणतो, कुत्र्याच्या कानाला त्याची किंमत उरत नाही. 'माघारी' हा शब्द घरात एरवी कोणी वापरत नाही. तो फक्त तिचा ठेवला. पहिले आठ दिवस खाण्याचे भांडे हातात असतानाच तो उच्चारायचा. मग ओसरीच्या या टोकाहून त्या टोकाला, मग अंगणात, मग खळ्यावर. आली की त्या क्षणाला, एक-दोन सेकंदांच्या आत, उकडलेल्या अंड्याचा किंवा भाजलेल्या मांसाचा चिमूटभर तुकडा. उशीर झाला तर बक्षीस कशाचे हे कुत्र्याला कळत नाही. शिकवणी पाच ते दहा मिनिटांची, दिवसातून दोनदा, आणि ती जेवणाआधी. कुत्रे कंटाळण्याच्या आधी आपण थांबायचे.

मामांचा एक नियम फार कडक होता. बोलावून कधीही मारायचे नाही. कुत्रे दोन तास हुंदडून परत आले आणि आपण रागाच्या भरात काठी घातली, तर त्याच्या हिशेबी मार पळाल्याबद्दल बसत नाही, परत आल्याबद्दल बसतो. पुढच्या वेळी ते चार तासांनी येते. ही साधी गोष्ट आहे, पण गावात दर दहा घरांत नऊ घरी हेच चाललेले दिसेल.

'थांब' हा शब्द तिने कोठे पक्का केला, ते सांगितले तर वाचकांना हसू येईल. रविवारी मिस्सेला आम्ही निघालो की ती मागोमाग यायची. बांधून ठेवले तर सारी वस्ती जागी होईल असा गळा काढायची. तेव्हा थोरल्या भावाने चर्चच्या फाटकापाशी चिंचेखाली तिला बसवून 'थांब' म्हणायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी तो स्वतःच तिच्याजवळ उभा राहिला, दुसऱ्या रविवारी दहा पावलांवर, मग दाराच्या आत, जेथून ती त्याला दिसे पण तो तिला दिसत नसे. आठव्या-नवव्या रविवारी ती आख्खी मिस्सा चिंचेखाली बसून राहिली, प्रवचनासकट. मिस्सा संपवून बाहेर येणारे लोक तिच्या डोक्यावर हात ठेवून जात. त्यामुळे अनोळखी हाताची सवय तिला फुकटात झाली, आणि तिचा उपयोग पुढे प्रदर्शनात झाला.

मेंढरांची भानगड

पहिल्या माजाच्या सुमारास, म्हणजे दहाव्या महिन्यात, बिजलीच्या अंगातली जात जागी झाली. माळावर धनगराचा कळप उतरला होता. एक कोकरू घोळक्यातून फुटून पळाले आणि ही त्याच्यामागे. कोकराची मांडी फाटली. टाके घालून ते वाचले, पण धनगर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. त्याचे म्हणणे रास्त होते. तात्यांनी भरपाई दिली. जाताना तो म्हणाला, "पुढच्या खेपेला मी सांगायला येणार नाही. भाकरीत थायमेट घालीन." घरात त्या रात्री कोणी धड जेवले नाही. आईचे मत पडले की कुत्री पाहुण्याकडे परत पाठवावी. तात्यांनी दोन महिन्यांची मुदत घातली.

मग मामांनी जे केले ते नीट सांगतो, कारण पाठलागाची खोड असलेल्या कोणत्याही कुत्र्याला ते लागू पडते. प्रथम पट्टा. कारवानीची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा ती सहज डोक्यावरून काढून टाकते. चांभाराकडून दोन इंच रुंद मऊ चामड्याचा पट्टा शिवून घेतला, घशाला न रुतणारा आणि डोक्यावरून न निघणारा. त्याला तीस फुटांचा हलका सोल बांधला. मग कळपापासून इतक्या अंतरावर तिला न्यायचे की मेंढरे तिला दिसावीत, पण तिने आपल्या हातचा तुकडाही घ्यावा. कुत्र्याने तुकडा नाकारला तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरकायचे. पहिल्या दिवशी हे अंतर दोन शेतांचे होते.

ती मेंढरांकडे बघे. अंग ताठ, एक पाय उचललेला. आपण काही बोलायचे नाही, सोल ओढायचा नाही. क्षणभराने ती आपल्याकडे वळून बघते, सगळीच कुत्री बघतात. त्या वळण्यालाच "शाब्बास" आणि तुकडा. काही दिवसांत तिच्या डोक्यात एक जोड बसते : मेंढरू दिसले की मालकाकडे बघायचे, तेथे काहीतरी चांगले मिळते. मग रोज पाच-दहा पावले पुढे. मध्येच एखाद्या दिवशी बिघडले तर चार दिवस मागच्या अंतरावर. महिनाभराने 'माघारी' हा शब्द कळपासमोर वापरायला घेतला, सोल हातात ठेवूनच. सोल सुटला तो सातव्या आठवड्यात, आणि तो सोडण्याच्या आधी मामांनी त्या धनगरालाच बोलावून समोर उभे केले. तो काठी टेकून पाहत राहिला. कळपातून एक मेंढी उधळली, बिजली दोन झेपा गेली, "माघारी" ऐकताच गिरकी घेऊन आली. धनगर काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने थायमेटचे नाव काढले नाही.

काही लोक अशा वेळी मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधतात किंवा मेंढ्याच्या टकरा खायला कुत्र्याला खुंट्याला बांधून ठेवतात. मला हे उपाय आवडत नाहीत आणि त्यांनी गुण आलेलाही मी पाहिला नाही. घाबरलेले कुत्रे मेंढराऐवजी माणसाला चावू लागते.

येथेच हेही लिहून ठेवतो. पूर्वी कारवानी पाळायचा तो सशाच्या शिकारीसाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, कुत्र्याकडून करवली तरी. ज्याला या कुत्र्याचे धावणे पाहायचे आहे त्याने मोकळ्या रानात दोरीला चिंधी बांधून ती सायकलमागे ओढावी. आम्ही तेच करीत असू.

प्रदर्शनाचे दिवस

१९८८ च्या जानेवारीत तालुक्याच्या गावी जनावरांचे प्रदर्शन भरले, त्यात त्या वर्षी प्रथमच कुत्र्यांचा विभाग ठेवला होता. भावाने हट्ट धरला. मामा म्हणाले, "जाऊ, पण तिला चालायला शिकवल्याशिवाय नाही." आम्ही म्हटले, ती तर वाऱ्यासारखी धावते. मामांनी सांगितले की परीक्षकाला धावणे नको असते, दुडकी चाल हवी असते. दुडक्या चालीत समोरचा उजवा पाय आणि मागचा डावा एकदम पडतात, मग डावा-उजवा. या चालीत सांध्यांतला दोष लपत नाही. चौखूर धावण्यात तो झाकून जातो.

म्हणून सारा डिसेंबर पहाटे कालव्याच्या रस्त्यावर भाऊ आणि बिजली. कुत्रे नेहमी आपल्या डाव्या बाजूला, दोरी सैल. परीक्षक रिंगणाच्या मधोमध उभा असतो आणि स्पर्धक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे कुत्रे परीक्षकाच्या बाजूला राहते. हळू चाललो तर ती रेंगाळे, पळालो तर चौखूर उधळे. मधला वेग सापडायला भावाला तीन आठवडे लागले. तो सापडल्यावर मात्र दोघांच्या पावलांचा ठेका असा जमला की कालव्यावर पाणी धरायला आलेली माणसे खोरे थांबवून बघत.

दुसरी गोष्ट उभे राहणे. पुढचे दोन पाय खांद्याखाली सरळ, मागच्या पायांचे घोटे जमिनीशी उभे, मान वर, शेपूट सैल. अंडे नाकापुढे धरून ती असे अर्धा मिनिट उभी राहू लागली. तिसरी गोष्ट दात. परीक्षक ओठ उचलून बत्तीशी बघतो (कुत्र्याचे दात बत्तीस नव्हे, बेचाळीस असतात) आणि वरचे पुढचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसतात की नाही ते पाहतो. परक्या माणसाने तोंडाला हात लावणे कोणत्याच कुत्र्याला आवडत नाही. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही विनंती करून तिचे दात बघायला लावले. पोस्टमननेही बघितले.

प्रदर्शनाला जायचे म्हणून आम्ही बसथांब्यावर उभे राहिलो, तर कंडक्टरने कुत्र्यासकट घ्यायला साफ नकार दिला. शेवटी गुळाच्या ढेपा घेऊन जाणाऱ्या टेंपोतून गेलो. दारात लसीचा दाखला विचारला, तो होता. त्या काळी अल्सेशियन, डॉबरमन आणि पॉमेरेनियन यांची चलती होती. मंडपातली गर्दी तिकडे, देशी कुत्र्यांच्या रिंगणात आम्ही पाचजण. पाचपैकी दोघांची कुत्री दोरीला हिसके देत होती, एकाचे परीक्षकाला पाहून खाली बसले. बिजलीने दात दाखवले, उभी राहिली, दुडकी चालली. सरळ जाऊन परत येण्याच्या वेळी मंडपाच्या कोपऱ्यात कोणाच्या तरी पिशवीतून कोंबडा सुटला. तिची मान झटक्यात वर गेली, भावाचा श्वास अडकला. तिने वळून भावाकडे पाहिले. बस्स, एवढेच.

दुसरा क्रमांक मिळाला. पहिला मुधोळ भागातून आलेल्या एका भुऱ्या नराला गेला, आणि तो त्याचाच होता. त्याच्या खांद्याची ठेवण आमच्या बिजलीहून सरस होती, हे आम्हाला देखील दिसत होते. परीक्षकांनी भावाला विचारले, "कोंबड्याचे कोणी शिकवले?" आम्हाला पितळेचा तांब्या मिळाला. आई अजून त्यात ताक घुसळून ठेवते.

आता ज्यांना आपले कुत्रे प्रदर्शनात न्यायचे असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे की चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडियाच्या मान्यतेने भरणाऱ्या प्रदर्शनांत कुत्र्याची नोंदणी आणि कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप लागते. तेथे ही जात कॅरव्हान हाउंड या नावाने नोंदलेली आहे. कृषी मेळ्यांतील स्पर्धांचे नियम निरनिराळे असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

आरोग्याचा भाग

लसीच्या दाखल्याचा उल्लेख वर आला. हा दाखला प्रदर्शनापुरता नसतो, हे आमच्या वस्तीला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कळले. एक अनोळखी कुत्रा, तोंडातून लाळ गळत, गावात शिरला. त्याने तीन कुत्री, एक वासरू आणि धनगराच्या धाकट्या मुलाला चावा घेतला. बिजलीच्या खांद्यालाही त्याचे दात लागले. मुलाच्या जखमेवर घरच्यांनी चुना आणि मिरची भरली आणि पलीकडच्या गावी मंत्र घालायला निघाले. हवालदारमामांनी त्यांना वाटेत गाठले, हौदाच्या धारेखाली साबणाने जखम धुऊन काढली आणि स्वतः मुलाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घेत. मुलाने रडत-ओरडत ती सगळी घेतली. आज तोच कळप सांभाळतो. बिजलीला आधीची लस होती. डॉक्टरांनी ती लगेच पुन्हा टोचली आणि दीड महिना तिला वेगळे बांधून ठेवायला लावले. तिला काही झाले नाही. बाकीच्या तीन कुत्र्यांना लस नव्हती. त्यांपैकी दोन पिसाळली, वासरूही गेले.

पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस असो वा जनावर, वाचणे जवळजवळ अशक्य. परंतु चावल्यानंतर वेळेवर उपचार केल्यास तो पूर्ण टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटातली इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात, चावल्याचा पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, किंवा कातडीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. रक्त आलेल्या जखमेसाठी जखमेभोवती वेगळे प्रतिद्रव्यही टोचावे लागते, ते मागून घ्यावे. बरे वाटते म्हणून मधली सुई चुकवू नये. चावणारे कुत्रे ओळखीचे असेल तर ते मारून टाकू नये, दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवावी. मात्र ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत आपली लस लांबवू नये.

गुरे पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. म्हैस लाळ गाळते, गिळत नाही, विचित्र हंबरते, तेव्हा घशात काही अडकले असेल म्हणून आपण तोंडात हात घालतो. आधी तिला कुत्रे चावले होते का, ते आठवावे आणि पशुवैद्यास बोलवावे. अशा जनावराचे कच्चे दूध कोणी पिऊ नये.

कुत्र्याला पिसाळ रोगाची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते, आणि चौथा महिना होईपर्यंत ती तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची असते. रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत पिल्लू जाते, ते बहुधा पार्व्होने. जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, नंतर तीन महिन्यांनी एकदा. बकरे कापल्यावर त्याचे कच्चे फुफ्फुस किंवा काळीज कुत्र्यापुढे टाकण्याची आपली रीत बंद करावी. त्यातील पाण्याच्या फोडांतून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून आणि केसांतून आपल्या हाताला लागतात, आणि माणसाच्या काळजात-फुफ्फुसात तसेच फोड धरतात. ते काढायला शस्त्रक्रिया करावी लागते.

गोचिडांनी येणारा ताप आमच्या भागात फार. हिरड्या पांढऱ्या पडणे, अन्न सोडणे, नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे. गुरांवर फवारायचे औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नये. कारवानीच्या अंगावर चरबी थोडी असल्यामुळे औषधे आणि भूल तिला इतरांपेक्षा निराळी लागते, शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. कातडी पातळ, त्यामुळे काटेरी तारेने ती कापडासारखी फाटते. कुंपणाच्या तारांना चिंध्या बांधून ठेवल्या तर धावत्या कुत्र्याला ती दिसते.

बिजली तिसऱ्या वर्षी व्याली. त्रेसष्टाव्या दिवशी सहा पिल्ले झाली, पाच जगली. गाभण राहण्याआधी मादीचे पहिले एक-दोन माज रिकामे जाऊ द्यावेत, तिची स्वतःची वाढ दीड वर्षापर्यंत चालू असते. दोन महिन्यांनी पिल्ले द्यायची वेळ आली तेव्हा पहिला दारात आला तो धनगर. त्याने छातीवर ठिपका असलेली मादी निवडली, धोतराच्या सोग्यात गुंडाळली, आणि आईला विचारले, "त्यो तीस फुटी सोल अजून हाय न्हवं घरात?" आईने तो आढ्यावरून काढून दिला.